नासीरभाईंचे तीन विमानतळ

मुंबईला विमानतळ किती आणि आपलं विमान नेमकं कुठून, असा प्रश्न आमच्या पिंप्राळ्यात कुणाला पडला, की तो तिकीट उलटसुलट करत बसत नाही. आमच्या शेजारच्या दारात जातो आणि हाक मारतो, "नासीरभाई, आहात का?"

आमची आणि त्यांची भिंत एक आहे. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी माझ्या स्वयंपाकघरात मोजते, आणि माझ्याकडं फोडणी करपली की त्यांची बायको शहजादी खिडकीतून विचारते, "ताई, लक्ष कुठंय?" नासीरभाई बावीस वर्षं जळगावहून मुंबईच्या विमानतळावर माणसं पोचवतात. आधी दुसऱ्याच्या मालकीची सुमो होती, मग स्वतःची तवेरा, आता पांढरी अर्टिगा. एरंडोल, पारोळा, धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा ही नावं ते तसबीहच्या मण्यांसारखी एकामागून एक सरकवतात. बावीस वर्षांत एकाही माणसाचं विमान चुकू दिलं नाही, एवढाच त्यांचा दागिना. बाकी अंगावर पाहाल तर एक घड्याळ, तेही काचेला चीर गेलेलं.

आणि एवढं असून त्यांनी एकही विमानतळ आतून पाहिलेला नाही.

गेल्या थंडीत नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले ज्ञानचंदशेठ चेन्नईला लग्नाला निघाले होते. त्यांनी विचारलं, "नासीरभाई, खरं सांगा. नवा चांगला का जुना?"

"कुणासाठी शेठ? उडणाऱ्यासाठी का सोडणाऱ्यासाठी?"

"सोडणाऱ्याला काय करायचंय चांगलं-वाईट?"

"मग तुम्ही विमानवाल्याला विचारा," नासीरभाई म्हणाले, आणि शेठनी पुन्हा विचारलं नसतानाही सगळं सांगितलं. सांताक्रूझ म्हणजे घरचा माणूस. गाडी लावायला कोपरा सापडतो, बाहेर चहा मिळतो, शिट्टी मारणारा हवालदार दोन फेऱ्यांत ओळखीचा होतो. सहार म्हणजे शादीचा हॉल. चकाचक! पण वरातीला आत घेतात आणि बँडवाल्याला बाहेर ठेवतात. "आपण बँडवाले," ते म्हणाले. "गाडी उभी केली की दोन मिनिटांत शिट्टी." आणि नवा? नासीरभाईंनी डोकं खाजवलं. तिथं ते तोवर एकदाच गेले होते. "नवा म्हणजे नव्या जोडप्याचं घर. जागा मोठी, भांडी कमी. चहाला लांब चालत जायचं. पण आपल्या खानदेशवाल्याला एक फायदा आहे. पडघ्यानंतर कल्याणकडं वळलं की ठाण्याची गर्दी टळते. शिळफाट्याला अडकलात तर मात्र अल्ला मालिक."

"म्हणजे तुमची परीक्षा विमानाची नाही, चहाची," शेठ म्हणाले.

"शेठ, विमान तर तिन्हीकडं वरच जातं."

त्यांचे नियमही ठरलेले. गाडी चालवताना फोन डॅशबोर्डच्या खणात आणि खण बंद. कुणाचाही फोन येवो, गाडी उभी राहिल्याशिवाय तो खण उघडत नाही. कितीदा तरी मी माझ्या नवऱ्याला त्यांचं उदाहरण दिलंय. दुसरा नियम, विमानतळावर अनोळखी माणसाची वस्तू घ्यायची नाही आणि आपली द्यायची नाही. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे ते एकदा कसाऱ्याला सांगतात आणि एकदा उतरताना. तिसरा नियम म्हणावा का नको, पण सोडायला आलेल्या नातेवाइकांना ते काचेपाशी रेंगाळू देत नाहीत.

ते मी स्वतः भोगलंय. माझ्या लेकीला, दिपमालाला, जर्मनीला जायचं होतं, तेव्हा सहारला तिला त्यांनीच सोडलं. ती आत गेली, तपासणीच्या रांगेत उभी राहिली, आणि मी बाहेरून काचेला हात लावून बघत राहिले. मागून नासीरभाईंचा आवाज आला, "चला ताई. आत गेला तो गेला. काचेकडं बघून काय मिळतं?" तेव्हा मला त्यांचा राग आला होता. परतताना इगतपुरीला त्यांनी न मागता माझ्यासाठी आल्याचा चहा आणला, तेव्हा तो थोडा उतरला.

त्यांना मुलगा एकच, शेहजाद. आमच्या अंगणात सायकल शिकला, आयटीआय केलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला आणि दोन वर्षांपूर्वी हैदराबादला लागला. या फेब्रुवारीत त्याच्या कंपनीनं त्याला मस्कतला पाठवायचं ठरवलं. दोन वर्षांचा करार, मधे सुट्टी नाही. व्हिसा आला आणि चार दिवसांत निघायचं. घरी येऊन जायला वेळच उरला नाही. तिकिटं कंपनीनं काढलेली. गुरुवारी दुपारी सव्वादोनला हैदराबादहून नवी मुंबईला उतरायचं, आणि त्याच रात्री साडेआठला सहारहून मस्कत. बरोबर अजून पाच जण. सगळ्यांचे पासपोर्ट एजंटकडं, आणि तो ते साडेचारला सहारच्या दाराशी वाटून पाचला सगळ्यांना एकत्र आत नेणार.

ही बातमी ऐकल्यावर नासीरभाई बराच वेळ गाडी पुसत होते. पुसलेलीच पुसत होते. मग कुंपणाशी येऊन मला म्हणाले, "ताई, हजार माणसांची पोरं सोडली असतील मी. माझ्या पोराला मीच सोडणार. माझ्या गाडीतून."

शहजादीला तर दोन दिवसांत वीस कामं सुचली. बुधवारी दुपारी आम्ही दोघींनी माझ्या परसात पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून बामणोदची वांगी भाजली. शेहजादला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या एवढंच हवं असायचं, अगदी ईदच्या दिवशीसुद्धा. वांगी सोलता सोलता तिनं मला हिरव्या कापडाची एक छोटी पट्टी दाखवली. मधोमध नाणं ठेवून शिवलेली, दोन्ही टोकांना बंद.

"इमाम-जामिन," ती म्हणाली. "प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला बांधायचा. आईनं बांधला तर चांगलं. सुखरूप पोचला की त्यातलं नाणं गरिबाला द्यायचं. हैदराबादला गेला तेव्हाही बांधला होता. तेव्हा हसत होता, म्हणे अम्मी, हैदराबाद काय परदेश आहे का?"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून बापलेकांचं बोलणं मला ऐकू येत होतं. नासीरभाई फोन स्पीकरवर ठेवूनच बोलतात.

"अब्बू, तुम्ही सरळ सहारला या. नव्या विमानतळावर कंपनीची व्हॅन येणार आहे. ती आम्हाला सहारला आणेल. साडेतीनपर्यंत येतो, तुमच्या गाडीत बसून जेवू."

"व्हॅन? बापाच्या दारात गाडी उभी असताना माझं पोरगं व्हॅनमध्ये?"

"तुम्हाला उलटं पडेल अब्बू. आधी इकडं या, मग तिकडं जा. साडेचारशे किलोमीटर चालवून येणार तुम्ही."

"मला चालवायचं शिकवतो का तू?"

"नाही हो. म्हणून तर सांगतोय, सहारलाच थांबा."

मग नासीरभाई म्हणाले, "बरं. सहार."

त्या 'बरं'मध्ये काही बरं नव्हतं, हे मला भिंतीच्या अलीकडूनही कळलं.

गुरुवारी फजरची नमाज आटोपून सहाला दोघं निघाले. शहजादी पुढच्या सीटवर, मांडीवर डबा, डब्यावर पर्स. मी दारात उभी होते. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी अक्का म्हणते, त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "त्याले म्हना, पोचना का फोन कर!" गाडी वळली आणि माझं मन उगीच हलकं झालं. म्हटलं, चला, भेट तर होईल.

दुपारी सव्वाएकला माझा फोन वाजला. नासीरभाई.

"ताई, पडघ्याला आहे. जोहरची नमाज पढायला थांबलोय. एक काम करा. शेहजादचा फोन बंद येतोय, विमानात असेल. तो सव्वादोनला उतरेल. त्याला फोन लावा आणि सांगा, व्हॅनमध्ये बसू नको, गेटवर थांब. मी नव्या विमानतळावर येतोय."

"अहो, पण ठरलं होतं ना सहारचं?"

"ठरलं होतं. पण आज रस्ता मोकळा मिळाला ताई. वेळेच्या आधी आहे मी. इथून डावीकडं वळलो की पावणेदोन तासांत तिथं. मग त्याला घेऊन आरामात सहारला. दीड तास गाडीत बसेल आमच्याबरोबर. मी चालवताना फोन घेत नाही, तुम्हाला माहितीय. म्हणून तुमच्यावर सोपवतोय."

मी 'हो' म्हटलं. आणखी काय म्हणणार? त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मला वाटलं, बरोबरच आहे माणसाचं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी फोन घेऊन बसले. शेहजादचा फोन बंद. सव्वादोनला बंद, दोन वीसला बंद, अडीचला बंद. म्हटलं, विमान उशिरा असेल. गव्हाच्या पिठाचा हात तसाच ठेवून पाच-पाच मिनिटांनी लावत राहिले. पावणेतीनला बंद. मेसेज टाकला, त्यावर एकच टिक आली, दुसरी येईना.

तीनला पाच मिनिटं कमी असताना त्याचाच फोन आला.

"काकू, अब्बू फोन घेत नाहीयेत. पोचले का ते सहारला?"

"तू कुठं आहेस?"

"व्हॅनमध्ये. विमान दहा मिनिटं आधीच आलं. माझा फोन संपला होता, हैदराबादला बसून सगळ्यांना फोन करून संपवला. आत्ता बरोबरच्या उमरनं चार्जर दिला. वाशीच्या पुलावर आहोत."

मी सगळं सांगितलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "काकू, व्हॅन वळणार नाही. पाच जण आहेत अजून. आणि वळली तरी पासपोर्ट तिकडंच आहे."

"मला माहितीय रे. तू जा. मी बघते."

मी काय बघणार होते? नासीरभाईंना फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. मग लक्षात आलं, नमाजेला जाताना ते फोन मुका करतात, आणि तसाच तो खणात गेला असणार. शेजारी बसलेल्या शहजादीलाही ऐकू येणार नाही. मग शहजादीचा नंबर लावला.

भिंतीपलीकडं तिचा फोन वाजायला लागला.

मी कान देऊन ऐकत उभी राहिले. कुलूप लावलेल्या घरात, बहुधा फ्रीजवर, तो वाजत होता, थांबत होता. अक्का खाटेवरून म्हणाल्या, "कोना फोन वाजी राह्यना व?"

"शहजादीचा."

"ती तं मुंबईले गई ना?"

"ती गेली. फोन इथंच राहिला."

अक्का उठल्या आणि त्यांनी देवासमोरचा दिवा लावला, दुपारी तीन वाजता.

मी हिशोब मांडत बसले. पडघ्याहून निघालेली गाडी आता कुठं असेल? शिळफाटा? तळोजा? अजून वळता आलं असतं. कुणीतरी फक्त एका खणाचं झाकण उघडायला हवं होतं. ज्या नियमासाठी मी या माणसाचं सगळ्या आळीत कौतुक केलं, तोच नियम मोडावा म्हणून मी त्या दुपारी ओट्यापाशी उभं राहून देवाला विनवत होते. तो मोडला नाही. नासीरभाईंचे नियम तसे मोडत नाहीत.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. आवाज उन्हासारखा लख्ख.

"पोचलो ताई! शिळफाट्यानंही सोडलं आज. कुठल्या गेटला उभा आहे तो?"

मी सांगितलं. एका दमात सांगून टाकलं.

मागं शहजादीचा आवाज आला, "दिसला का? लाल टी-शर्ट घालतो म्हणाला होता." मग नासीरभाईंनी मला विचारलं, "किती वाजले ताई?" हातात घड्याळ असलेला माणूस चारशे किलोमीटरवरच्या बाईला वेळ विचारत होता.

"तीन दहा."

"म्हणजे आहे टाइम. आहे ना? पाचला आत जाणार ते. पावणेदोन तास आहेत. निघतो." आणि पहिल्यांदाच त्यांनी फोन खणात न टाकता शहजादीच्या हातात दिला.

त्यानंतरचे दोन तास मी आमच्या स्वयंपाकघरात बसून मुंबईच्या रस्त्यांवरून फिरत होते. एक फोन शहजादीचा, नवऱ्याच्या मोबाइलवरून, एक शेहजादचा, मधे मी; एकमेकांचा आवाज ऐकला की रडू फुटेल, म्हणून दोघंही मलाच लावत होते.

"ताई, बेलापूर म्हणतात हे. सांगा त्याला."

"काकू, आम्ही पोचलो. एजंट आलेला नाही अजून. बरं झालं."

"ताई, वाशी. पूल आला. पाणी दिसतंय. याच पुलावरून गेला का तो?"

"याच पुलावरून."

"काकू, एजंट आला. पासपोर्ट दिले. म्हणतोय, चहा प्या, मग आत. मी चहा मुद्दाम हळूहळू पितोय."

साडेचारला शहजादीचा आवाज बदलला. "ताई, मानखुर्दला अडकलो. ट्रक बंद पडलाय पुढं. काही हलत नाही."

"हलेल गं."

"समोर बेकरीची गाडी आहे. तिच्या मागच्या दारावर पावाचं चित्र आहे. वीस मिनिटं झाली, मी तोच पाव बघतेय." मग जरा थांबून, "हे काही बोलत नाहीत. हॉर्नही वाजवत नाहीत. तुम्ही बोला ना."

फोन नासीरभाईंच्या कानाला लावला असावा. श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "नासीरभाई, निघेल रस्ता. तुम्ही तर म्हणता, रस्त्याशी भांडू नये."

"मी म्हणतो," ते म्हणाले. "माणसं विचारायची, भाई, पोचू ना? मी म्हणायचो, माझ्यावर सोडा." आणि थांबले. "आता कुणावर सोडू ताई?"

मी 'अहो' एवढंच म्हटलं.

पाचला शेहजाद म्हणाला, "काकू, आत चला म्हणतोय. तीनदा पाच-पाच मिनिटं मागितली. बाकीची पोरं माझ्यासाठी थांबलीत, पण एजंट चिडलाय. म्हणतो, सगळे एकत्रच जाणार, नाहीतर तुझा तू बघ."

"आई-वडील चेंबूरला आलेत रे. दहा-पंधरा मिनिटं..."

चेंबूरहून सहार दहा-पंधरा मिनिटांवर नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तो म्हणाला, "काकू, अम्मीला सांगा मी चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. उपाशी नाही." पाच वाजून दहा मिनिटांनी तो आत गेला. एकदा आत गेलं की पुन्हा बाहेर येता येत नाही. हे मला कुणी शिकवलं होतं? नासीरभाईंनीच.

गाडी पाच पस्तीसला पोचली.

पुढचं मला शहजादीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिला वरती उतरवून ते गाडी पार्किंगला लावायला गेले. शिट्टीवाल्यानं शिट्टी मारली तेव्हा, बावीस वर्षांत प्रथमच, नासीरभाईंना ती ऐकू आली नाही. त्यानं बोनेटवर हात आपटला. शहजादी डबा घेऊन काचेपाशी पळाली. आत इतकी माणसं, इतका उजेड. फोनवर तो सांगत होता, "अम्मी, डावीकडं या, अजून डावीकडं, खांबाच्या पुढं." ती खांबाच्या पुढं गेली.

"काचेत मला आधी माझंच तोंड दिसलं ताई. मग त्याच्या आत तो दिसला."

तेवढ्यात नासीरभाई धापा टाकत आले. तिघांना फोनवर बोलायला चार-पाच मिनिटं मिळाली असतील, कारण सामानाची रांग सरकत होती. शहजादीनं इमाम-जामिन पर्समधून काढून काचेला लावला. शेहजादनं आतून बाही वर केली आणि दंड तिथं टेकवला.

"पण गाठ कशी मारू?" शहजादी मला विचारत होती, जणू मला माहीत असावं. "काचेला बांधू का?"

त्यांच्या शेजारीच एक कुटुंब सामान घेऊन आत जायला निघालं होतं. त्यातल्या बाईनं हे सगळं पाहिलं. ती जवळ आली आणि म्हणाली, "आम्हीही मस्कतलाच चाललोय. द्या माझ्याकडं, आत गेल्यावर त्याला देते."

शहजादीनं हात पुढं केलाही होता. नासीरभाईंनी तिचं मनगट धरलं. "नको. माफ करा बहन. आपण कुणाला काही देत नाही."

"कापडाची पट्टी आहे ती!" शहजादी म्हणाली. "त्यात काय अफू शिवलीय का मी?"

"तिला काय माहीत काय शिवलंय? उद्या तिला आत थांबवलं, तर ती काय सांगेल? मी हजार लोकांना सांगितलंय."

ती बाई ओशाळून निघून गेली. आत शेहजादनं खांद्याला बॅग लावली, हात केला आणि रांगेबरोबर पुढं गेला. एकदा वळून बघितलं. मग माणसांच्या मागं लाल टी-शर्ट दिसेनासा झाला.

मी विचारलं, "मग निघालात लगेच?"

"कुठलं निघतोय! मीच म्हटलं चला आता, आत गेला तो गेला. हे ऐकेनात. काचेला हात लावून उभे. सहा वाजले, सात वाजले. एक वॉचमन आला, म्हणाला चाचा, आता काय बघताय, तुमचा माणूस पार आत गेला. हे म्हणाले, बघू दे. साडेआठ होऊन गेले तेव्हा निघालो."

डबा तसाच परत आला. भरीत आंबलं होतं. पुऱ्या शहजादीनं गायीला घातल्या.

नासीरभाई दोन दिवस गाडीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, कारण धुळ्याचं कुणी जोडपं आधीच ठरलेलं होतं. शेहजाद सुखरूप पोचल्याचा फोन आला, त्यानं खोलीचा फोटो पाठवला, दोन खाटा आणि एक पंखा. सगळं ठीक आहे, असं सगळेच म्हणतात. चूक कुणाची, हे मात्र कुणी म्हणत नाही. पोरानं बापाला त्रास नको म्हणून नको म्हटलं. बापानं पोराला आपल्या गाडीचं सुख द्यावं म्हणून रस्ता बदलला. मी निरोप सांगायचं कबूल केलं. यातलं काय काढून टाकायचं होतं?

परवा ज्ञानचंदशेठ कुंपणाशी आले. चेन्नईला पुन्हा जायचं होतं त्यांना, या खेपेला बायकोला, मंजूभाभींना, घेऊन. विषय माहीत असूनही सवयीनं बोलून गेले, "मग नासीरभाई, आता तिन्ही नीट पाहिलेत. चांगला कुठला?"

मला वाटलं, आता हे उठून आत जातील. पण नासीरभाईंनी विचार केला, अगदी कामाचा प्रश्न असल्यासारखा.

"शेठ, सहारला काच मोठी आहे. बाहेरून लांबपर्यंत दिसतं," ते म्हणाले. "मंजूभाभींना सोडायला कुणी येणार असेल, तर सांगा. थोडं आधी निघू. उभं राहू देतो."

शेठ गेल्यावर शहजादीनं ती हिरवी पट्टी आणून माझ्यासमोर ठेवली. नाणं आत तसंच होतं.

"ताई, माणूस सुखरूप पोचला, म्हणजे हे नाणं द्यायला हवं. पण बांधलंच नाही, मग द्यायचं का? मौलवीसाहेबांना विचारायला लाज वाटते."

मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बीए झालेली. मलाही सांगता आलं नाही. म्हटलं, "राहू दे. परत येईल तेव्हा बघू."

"परत येईल तेव्हा कुठं उतरेल?" तिनं नवऱ्याकडं वळून विचारलं. "सहार का नवा?"

नासीरभाई गाडीच्या आरशावरची धूळ अंगठ्यानं काढत होते. "आत्तापासून कुणाला माहीत? दोन वर्षांत बदलतीलही," ते म्हणाले. "त्या दिवशी तू सहारला बस. मी नव्याला थांबतो. आणि फोन बरोबर घे."